रोगजंतूचं विरजण

पैठणी म्हटलं की कुणाचे डोळे लकाकत नाहीत? पदरावरचा मोर, काठाची जर, रंगाची झळाळी यावर आपण तासन् तास बोलू शकतो. पण ज्या अळीच्या पोटातून तो धागा येतो, तिचं दुखलं-खुपलं आपण कधी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जालना, बीड, धाराशिव या भागांत पुष्कळ शेतकऱ्यांनी कापूस-सोयाबीनच्या जोडीला तुती लावली. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागे. २०१८ साली जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि ती धावपळ बरीच कमी झाली. सातबारा कुणाच्या का नावावर असेना, अळ्यांचं करणं मात्र बहुतेक घरांत बाईकडेच असतं. पाला तोडून आणणं, बारीक चिरणं, दिवसातून दोन-तीनदा घालणं, बेड साफ ठेवणं, चुना भुरभुरणं, सगळं तिनंच करायचं.

बचत गटाच्या कामानिमित्त अशा घरांतून माझं जाणं-येणं असतं. एका मावशींनी सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलं. त्या म्हणाल्या की, लेकरू दुखलं तर रडतं तरी, या अळ्या रडतसुद्धा नाहीत. सकाळी पाहावं तर पाल्याला तोंड लावलेलं नसतं. बरं, अळीचं सगळं आयुष्यच मुळी अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत साधारण पंचवीस-अठ्ठावीस दिवसांचं. त्यात ती चारदा कात टाकते. मधल्या काळात रोग शिरला तर औषधोपचार करायला फुरसतच नसते. बेडच्या बेड टाकून द्यावा लागतो आणि महिन्याच्या कष्टांवर पाणी पडतं.

या रोगांपैकी सगळ्यात भीतिदायक रोग म्हणजे पेब्रिन. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या बोलीत मिरीला ‘पेब्रे’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आजारी अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. एकाच बेडवर काही अळ्या मोठ्या तर काही किरकोळ राहतात, कात नीट सुटत नाही, कोष विणलाच तर तो पातळ. आणि वाईट गोष्ट अशी की, हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. म्हणजे पतंगाच्या मादीला तो असला, तर तिची पिल्लं जन्मतःच आजारी.

हा रोग करणाऱ्या जिवाला १८५७ साली नेगेली या शास्त्रज्ञाने ‘नोसेमा बॉम्बिसिस’ असं नाव दिलं. तो ज्या कुळातला आहे, त्याला मायक्रोस्पोरिडिया म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. हे बुरशीचे दूरचे भाऊबंद आहेत, पण बुरशीसारखे भाकरीवर, लोणच्यावर वाढत नाहीत. ते दुसऱ्या जिवाच्या पेशीच्या आत शिरतात आणि तिथेच वाढतात. अळीच काय, मधमाशी, मासा, ससा आणि माणूस, कुणालाही त्यांनी सोडलेलं नाही.

रेशमावरच्या या संकटाने एकेकाळी अख्खा फ्रान्स हवालदिल झाला होता. १८५३ साली तिथे सुमारे २६ हजार टन कोष निघत होते. १८६५ पर्यंत तो आकडा चार हजार टनांवर आला. गावंच्या गावं बसली. तेव्हा सरकारने लुई पाश्चर यांना दक्षिणेतल्या आलेस या गावी पाठवलं. त्यांनी तोवर रेशमाची अळी कधी हातातसुद्धा धरली नव्हती. पण ते तिथे राहिले आणि घरच्यांनीही हे काम आपलं मानलं. पत्नी मारी आणि मुलगी, दोघी अळ्यांच्या देखभालीत आणि तपासणीत त्यांच्या मदतीला होत्या. त्याच वर्षांत त्यांच्या दोन मुली वारल्या. १८६८ मध्ये पाश्चरना पक्षाघाताचा झटका आला. तरी काम थांबलं नाही.

शेवटी त्यांनी जी युक्ती शोधली, ती ऐकायला अगदी साधी आहे. प्रत्येक मादीला अंडी वेगळी घालू द्यायची. मग ती मादी थोड्या पाण्यात वाटायची आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. चमकदार, लंबगोल कण दिसले की, त्या मादीची सगळी अंडी जाळून टाकायची. नाही दिसले तर अंडी ठेवायची. रोग बरा करता येत नसेल, तर निदान तो पुढच्या पिढीत जाऊ द्यायचा नाही, एवढंच. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी रोगमुक्त अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये मादी पतंगांची ही तपासणी आजही होते. आपल्याकडे अंडीपुंज घेताना ‘रोगमुक्त’ हा शब्द असतो ना, त्याच्यामागे ही सगळी कथा आहे.

आता खरा प्रश्न. रोगजंतू दिसला, ओळखला, त्याची अंडी जाळली, हे सगळं ठीक. पण त्याचा अभ्यास कसा करायचा? कोणत्या औषधाने तो मरतो, कोणत्या जंतुनाशकाने त्याची शक्ती जाते, हे बघायचं तर तो भरपूर आणि निर्भेळ हाती लागायला हवा. इतर जंतूंचं काम सोपं असतं. काचेच्या बशीत जेली घालायची, तिच्यात अन्न मिसळायचं, जंतू सोडायचा, तो वाढतो. मायक्रोस्पोरिडियाला असं पंगतीचं ताट चालत नाही. त्याला जिवंत पेशीचं घर लागतं. म्हणून त्याला वाढवायचं तर आधी त्याच्यासाठी पेशी वाढवाव्या लागतात. म्हणजे पाहुण्याच्या आधी यजमान पोसायचा!

याचं कारण त्याच्या घडणीत आहे. त्याचा स्पोर, म्हणजे बीजकण, इतका बारीक की माणसात सापडणाऱ्या जातींमध्ये तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या तीन-चार पट भरतो. त्याचं कवच टणक असतं आणि आत एक लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. योग्य जागा मिळाली की ती नळी क्षणार्धात बाहेर फेकली जाते. शिवताना ब्लाउजची उलटी बाही आपण सुलटी करतो ना, तशी ती आतून बाहेर उलटते. तिचं टोक पेशीत घुसतं आणि कणातला ऐवज नळीतून थेट आत ओतला जातो. घराचं दार न उघडता खिडकीतून आत उतरणाऱ्या चोरासारखं हे काम!

आत गेल्यावर तो यजमान पेशीचीच शक्ती वापरतो. आपल्या पेशीत शक्ती तयार करणारी जी छोटी यंत्रं असतात, ती त्याच्याकडे धड नाहीत, त्यांचे नुसते अवशेष उरले आहेत. सशांमध्ये आणि माणसांत सापडणाऱ्या ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय’ या जातीचा पूर्ण जनुकसंच २००१ साली वाचून झाला. तो अवघा २९ लाख अक्षरांचा निघाला, जनुकं सुमारे दोन हजार. माणसाचा जनुकसंच ३०० कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. ज्याला स्वतःच्या घरी चूल मांडायचीच नाही, त्याने भांडीकुंडी कशाला बाळगायची, असा सगळा कारभार.

असा जीव प्रयोगशाळेत पोसायचा पहिला प्रयत्न रेशमाच्या अळीवरच झाला. १९३७ साली अमेरिकेत विल्यम ट्रेगर यांनी अळीच्या ऊतींमध्ये नोसेमाची काही अंशी वाढ करून दाखवली. याच ट्रेगर यांनी पुढे १९७६ साली सहकाऱ्याबरोबर मलेरियाचा परजीवीही प्रयोगशाळेत सतत वाढवून दाखवला. मग १९६९ मध्ये जॉन शॅडक यांनी सशाच्या पेशींमध्ये एन्सेफॅलिटोझून वाढवला आणि सस्तन प्राण्यांतल्या या परजीवींचा अभ्यास मार्गी लागला.

हे काम चालतं कसं, ते समजून घेतलं तेव्हा मला आपल्या स्वयंपाकघराचीच आठवण झाली. प्लॅस्टिकची चपटी, पारदर्शक बाटली असते. तिच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर चिकटून वाढतो, दुधावर साय धरावी तसा. त्यावर गुलाबी-लाल पातळ द्रव घालतात. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं, प्रथिनांचे घटक असं सगळं असतं. रंग मुद्दाम घातलेला असतो. द्रव आंबट व्हायला लागला की तो पिवळा पडतो, म्हणजे बदलायची वेळ झाली. या खाद्यात बहुधा वासराच्या भ्रूणाच्या रक्तातला पातळ द्रव मिसळतात. हे वाचून मन चरकलं, खोटं कशाला बोलू? त्याच्याशिवाय चालणारी खाद्यं तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि काही पेशींसाठी ती मिळतातही.

प्राण्यांच्या पेशींसाठी बाटली ३७ अंशांच्या कपाटात ठेवतात, म्हणजे आपल्या अंगाएवढी ऊब. कीटकांच्या पेशी असतील तर २७-२८ अंश पुरतात. पेशींचा थर तयार झाला की त्यावर परजीवीचे कण सोडायचे. रुग्णाच्या लघवीतून, कफातून किंवा डोळ्यातून आलेला नमुना त्यातल्या त्यात सोयीचा. शौचाच्या नमुन्यात इतर जंतूंचीच इतकी गर्दी असते की, ते आधी वाढतात आणि बाटली नासते. म्हणून नमुना धुऊन, निवळून घेतात, जंतुनाशकं घालतात.

मग वाट पाहायची. दही चार-सहा तासांत लागतं, इथे आठवडे लागतात. मधून द्रव बदलायचा, दर खेपेला स्वच्छ हवेच्या कपाटाखाली, हातमोजे घालून. रोज बाटली उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहायची. एखाद्या दिवशी एखादी पेशी फुगलेली दिसते, तिच्या आत पिशवी आणि पिशवीत कणच कण, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीवाटीने. ती पेशी फुटते, कण द्रवात येतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. वाढ एकदा बसली की द्रव काढताना दर खेपेला लाखो कण हाती येतात. पण परजीवीने सगळ्या पेशी खाल्ल्या तर तोही संपला. म्हणून जुन्या बाटलीतले थोडे कण ताज्या पेशींच्या नव्या बाटलीत घालायचे. थोडं विरजण मागे ठेवून आपण रोजचं दही लावतो, तसंच की हे! आणि घरात लग्न असलं, गावाला जायचं असलं, तरी विरजण कुणाकडे तरी ठेवून जातो ना? प्रयोगशाळेत त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो. त्यात बाटलीतला थोडा ऐवज गोठवून ठेवतात. वर्षांनी बाहेर काढला तरी तो जागा होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर १९८५ साली फ्रान्समध्ये एड्सच्या एका रुग्णाच्या आतड्यात याच कुळातला एक नवा परजीवी सापडला. इझाबेल देपोर्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं आणि ‘एन्टेरोसायटोझून बिएन्युसी’ असं नाव दिलं. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला त्याच्यामुळे महिनोन् महिने जुलाब होत, माणूस अक्षरशः झिजत जाई. त्यानंतर डॉक्टर शोधू लागले आणि एकामागून एक जाती सापडत गेल्या. १९९१ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ डिडियर आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या तीन रुग्णांच्या डोळ्यांतला परजीवी पेशींमध्ये वाढवला. सूक्ष्मदर्शकाखाली तो सशातल्या जुन्या ओळखीच्या जातीसारखाच दिसत होता. पण बाटलीत भरपूर वाढल्यामुळे त्याची प्रथिनं तपासता आली आणि कळलं की, हा वेगळाच आहे. त्याला ‘हेलेम’ हे नाव मिळालं. १९९३ मध्ये ॲन कॅली आणि सहकाऱ्यांनी आतड्यातल्या आणखी एका जातीचं वर्णन केलं, तीही लवकरच पेशींमध्ये वाढवली गेली. अटलांटाच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले गोविंद विश्वेश्वर यांनीही या पेशीसंवर्धनाच्या कामात मोठा वाटा उचलला.

या बाटल्यांमध्येच औषधं पडताळून पाहता आली. आपण मुलांना जंताचं म्हणून देतो ते अल्बेंडॅझोल एन्सेफॅलिटोझून गटातल्या जातींवर चांगलं चालतं. पण बिएन्युसीवर ते फारसं लागू पडत नाही. आणि गंमत अशी की, हाच परजीवी बाटलीत नांदायला तयार नाही. काही महिने कसाबसा टिकवल्याच्या नोंदी आहेत, पण इतरांसारखा तो भरभरून वाढत नाही. माणसांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच, आणि हाताशी न लागणाराही हाच. म्हणून त्याच्यावरच्या औषधांचं काम रेंगाळलं. मधमाश्यांच्या नोसेमावर १९५० च्या दशकापासून वापरात असलेलं फ्यूमॅजिलिन हे औषध फ्रान्समध्ये माणसांवर वापरून पाहिलं. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध लागू पडलं, पण रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या. ज्याला सांभाळता येतं त्याला ओळखता येतं, हे यावरून पटतं.

एचआयव्हीची औषधं आल्यावर हे चित्र पुष्कळ बदललं. आपल्याकडे एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी मोफत मिळू लागली. प्रतिकारशक्ती सावरली की बहुतेकदा हा परजीवी आपोआप माघार घेतो. म्हणून आपल्या ओळखीत कुणी एचआयव्हीसह जगत असेल आणि तिने गोळ्या मध्येच सोडल्या असतील, तर तिला हाताला धरून केंद्रावर नेणं, हाच या परजीवीवरचाही मोठा उपाय आहे. लाजेपायी पाऊल अडतं, तिथे मैत्रिणीची सोबत कामाला येते, हे मी पाहिलेलं आहे.

पण ज्यांची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, त्यांनीही गाफील राहू नये. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी पावसाळ्यात डोळ्यांच्या अशा संसर्गाचे पुष्कळ रुग्ण नोंदवले आहेत, आणि त्यांत धडधाकट माणसंही आहेत. मातीचं, चिखलाचं पाणी डोळ्यात जाणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. डोळा लाल होतो, पाणी गळतं, आणि आपण म्हणतो, डोळे आलेत. हे दुखणं पुष्कळदा थोड्या दिवसांत बरं होतं. पण म्हणून शेजारणीकडचे उरलेले थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर दुखणं चिघळू शकतं. भात लावणीहून, शेतातून आल्यावर चिखलाचे हात डोळ्यांना लावायचे नाहीत, स्वच्छ पाण्याने चेहरा धुवायचा आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

पेशी वाढवण्याच्या या विद्येचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध जुना आहे बरं का. १९६७ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात डॉ. सिंग यांनी डासांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांच्यापासून पुढे निघालेला पेशींचा वाण आज जगभरच्या प्रयोगशाळा डेंग्यूसारख्या विषाणूंसाठी वापरतात. त्याच केंद्राची आता राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आहे. २०२० मध्ये तिथे करोनाचा विषाणू वेगळा काढून वाढवला, तो ‘व्हेरो’ पेशींमध्ये. या पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झाल्या. मायक्रोस्पोरिडिया वाढवायलाही याच पेशी वापरतात. आपल्यापैकी ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली, त्यांच्या लशीतला विषाणू याच पेशींवर वाढलेला होता. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली सुरू झालेली ही संस्था देशभरच्या प्रयोगशाळांसाठी पेशींचे वाण जपते आणि पुरवते. पेशींची बँकच म्हणा ना!

बारावीनंतर विज्ञानाला गेलेल्या मुलींच्या आया मला विचारतात, पोरगी डॉक्टर झाली नाही तर पुढे काय? त्यांना मी आता हे सांगते. जीवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलींना अशा प्रयोगशाळांत काम असतं. या कामाला बुद्धी लागतेच, पण स्वच्छता, नोंदी आणि चिकाटी त्याहून जास्त लागते. रविवार असो की दिवाळी, बाटलीला खाद्य द्यायला कुणी तरी जावंच लागतं. एक बाटली नासली तर कधीकधी महिन्यांचं काम जातं. शोध लावणाऱ्याचं नाव छापून येतं, बाटली जिवंत ठेवणारीचं येतंच असं नाही. पण तिच्याशिवाय शोध लागत नाही.

आणि आपल्या रेशीमवाल्या बहिणींसाठी चार गोष्टी. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवलेल्या कणांमुळेच आज जंतुनाशकांची आणि तपासण्यांची नीट पारख करता येते, त्याचा फायदा घ्या. अंडीपुंज स्वस्तात मिळतात म्हणून कुणाकडूनही घेऊ नका, तपासलेलेच घ्या आणि पावती मागा. संगोपनगृह आणि साहित्य प्रत्येक पिकाआधी ब्लीचिंग पावडरने नीट निर्जंतुक करा, कारण पेब्रिनचे कण टणक कवचाचे असतात, नुसत्या झाडण्या-पुसण्याने जात नाहीत. अळ्या लहान-मोठ्या दिसू लागल्या, कात अडकू लागली, तर शेजारणीला कळेल म्हणून लपवू नका. ताबडतोब जिल्हा रेशीम कार्यालयाला कळवा. एका घरात लपवलेला रोग पुढच्या महिन्यात चार घरांत गेलेला असतो, आणि वेळेवर टाकून दिलेला एक बेड अख्ख्या गावाचं पीक वाचवतो.